दोन 'शोगुन' आणि एक दुभाषी

१९८० सालची 'शोगुन' ही मालिका आज पुन्हा पाहताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. तिच्यातली जपानी पात्रे जपानीत बोलतात, आणि ती काय बोलतात हे प्रेक्षकाला कळू दिले जात नाही. पडद्याच्या तळाशी उपशीर्षके नाहीत. तोरानागाच्या भूमिकेतला तोशिरो मिफुने बोलत राहतो, समोरचे सरदार माना लववतात, कोणाचा तरी हात तलवारीच्या मुठीकडे जातो, आणि घरी बसलेला अमेरिकी प्रेक्षक पडद्यावरच्या रिचर्ड चेंबरलेनइतकाच बुचकळ्यात पडतो. अगदीच अडले तर ऑर्सन वेल्सचा धीरगंभीर आवाज निवेदनातून थोडा खुलासा करतो. 'सेव्हन सामुराई' (१९५४) आणि 'योजिम्बो' (१९६१) गाजवलेला नट येथे शब्दांवाचून उरला आहे. त्याचा स्वर ऐकू येतो, देहबोली दिसते. आशय मात्र प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही.

२०२४ साली आलेल्या नव्या 'शोगुन'मध्ये बहुतांश संवाद जपानी आहेत आणि त्या सर्वांना उपशीर्षके आहेत. पहिल्या भागापासूनच प्रेक्षकाला ब्लॅकथॉर्नपेक्षा अधिक कळते. ओसाकाच्या किल्ल्यात पाच कारभाऱ्यांमध्ये काय शिजते आहे, याबुशिगे एकाच वेळी किती जणांशी निष्ठेच्या आणाभाका घेतो आहे, हे आपण ऐकतो; तो इंग्रज खलाशी मात्र जिन्याखाली उभा राहून आपले पुढे काय होणार याचा अंदाज बांधत असतो. हा बदल तांत्रिक वाटतो. आमच्या मते दोन मालिकांमधला खरा फरक त्यातच आहे. वेशभूषा अधिक अचूक असणे, चिखल अधिक खरा वाटणे या गोष्टी त्यापुढे दुय्यम आहेत.

मूळ कथानक एकच आहे. जेम्स क्लॅव्हेलची कादंबरी १९७५ साली आली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचा कैदी म्हणून सिंगापूरच्या चांगी छावणीत राहिलेल्या माणसाने जपानवर एवढी मोठी, एवढी आसक्त कादंबरी लिहावी, हाच एका स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. त्याने इतिहासातली माणसे घेतली आणि नावे बदलली. तोकुगावा इएयासूचा तोरानागा झाला, इशिदा मित्सुनारीचा इशिदो. १६०० च्या एप्रिलमध्ये 'लीफ्ड' या डच जहाजावरून क्यूशू बेटाच्या किनाऱ्याला लागलेला इंग्रज सुकाणूधारी विल्यम अॅडम्स येथे जॉन ब्लॅकथॉर्न आहे. आणि होसोकावा घराण्यातली तामा, बाप्तिस्म्यानंतरची ग्रासिया, मारिको झाली.

जुनी मालिका सप्टेंबर १९८० मध्ये एन.बी.सी. वाहिनीने सलग पाच रात्री दाखवली. दिग्दर्शक जेरी लंडन, पटकथा एरिक बर्कोविची. तो काळ ध्यानात घ्यायला हवा. त्याच वर्षी मोटारींच्या उत्पादनात जपानने अमेरिकेला मागे टाकले होते. एझरा व्होगेल या प्राध्यापकांचे 'जपान अॅज नंबर वन' हे पुस्तक आदल्या वर्षीच आले होते. अमेरिकेला जपान समजून घ्यायचा होता आणि त्याची धास्तीही वाटत होती. अशा प्रेक्षकाला न कळणाऱ्या भाषेच्या मध्यभागी उभे करणे हा निर्णय आम्हाला आळसाचा वाटत नाही. तो विचारपूर्वक घेतलेला दिसतो. प्रेक्षकाने ब्लॅकथॉर्नबरोबर बहिरे व्हावे आणि त्याच्याबरोबर एकेक शब्द शिकावा, अशी ती योजना होती. तिची किंमत मात्र जपानी पात्रांनी मोजली. ज्यांचे बोलणे आपल्याला कळत नाही त्यांचे हेतूही गूढ वाटू लागतात, आणि हे गूढ मग 'पौर्वात्य स्वभाव' म्हणून खपते. त्याच वर्षी हेन्री स्मिथ यांच्या संपादनाखाली काही अभ्यासकांनी 'लर्निंग फ्रॉम शोगुन' हे छोटे पुस्तक काढले. या कादंबरीमुळे वर्गात विद्यार्थ्यांची गर्दी वाढली आहे, तर तिच्यातले खरे-खोटे त्यांच्यापुढे मांडावे, असा तो समंजस प्रयत्न होता. कादंबरीला नाके मुरडून मोकळे होणे सोपे होते. त्यांनी ते टाळले.

पण या सगळ्यात सर्वांत मोठे नुकसान मारिकोचे झाले. योको शिमादा या अभिनेत्रीला त्या वेळी इंग्रजी फारसे येत नव्हते. उच्चार पाठ करून तिने संवाद म्हटले आणि तरीही ती भूमिका लक्षात राहण्याजोगी केली. परंतु प्रेक्षकाला ऐकू येते ते फक्त तिचे इंग्रजी. तोरानागा काहीतरी म्हणतो, मारिको त्याचे इंग्रजी करते, आणि आपण तेच तोरानागाचे म्हणणे समजतो. मूळ वाक्य हाती नसल्यामुळे तिने काय गाळले, काय मऊ केले, काय स्वतःचे घातले, हे तपासायला जागाच नाही. दुभाषी येथे खिडकीच्या काचेसारखी आहे. काचेकडे कोणी पाहत नाही.

नव्या मालिकेत आपल्यापुढे दोन्ही वाक्ये असतात. मूळ जपानी वाक्याचा अर्थ तळाशी दिसतो आणि मारिकोने केलेले रूपांतर कानावर पडते. या दोहोंमधल्या अंतरात आना सावाइची मारिको उभी राहते. ब्लॅकथॉर्नचा उद्धट शब्द ती दरबारी करते. तोरानागाची धमकी ती सूचनेसारखी पोहोचवते. कधी एखादे वाक्य सरळ खाली ठेवून देते. सहाव्या भागात किकू नावाची गणिका ब्लॅकथॉर्नशी बोलते आणि मारिको मध्ये बसून भाषांतर करते. शब्द किकूचे आहेत, ऐकणारा ब्लॅकथॉर्न आहे, पण पाहता पाहता ते बोलणे दुभाष्या स्त्रीचे स्वतःचे होते. तिने एकही शब्द बदललेला नसताना त्यांचा अर्थ बदलतो. भाषांतराच्या तासाला वर्गात दाखवावा असा हा प्रसंग आहे. उपशीर्षकांशिवाय तो घडूच शकला नसता.

नव्या पटकथेचा प्रवासही याच विषयाला धरून झाला. रेचल कोंडो आणि जस्टिन मार्क्स यांच्या चमूने इंग्रजीत लिहिले. त्याचे जपानी भाषांतर झाले. मग क्योको मोरिवाकी या लेखिकेने ते जिदाइगेकीला, म्हणजे ऐतिहासिक नाट्याला, साजेशा जुन्या वळणाच्या जपानीत घडवले. आणि शेवटी त्या जपानीवरून उपशीर्षकांसाठी पुन्हा इंग्रजी केले गेले. आपण वाचतो ते इंग्रजी मूळ इंग्रजी नव्हे, जपानीतून परत आलेले इंग्रजी आहे. निर्मितीत वाटा असलेल्या हिरोयुकी सानादाने तोरानागाच्या भूमिकेखेरीज भाषा, चाल, केशरचना यांवरही बारीक नजर ठेवली. गंमत अशी की जुनी मालिका प्रत्यक्ष जपानमध्ये चित्रित होऊनही बाहेरून पाहणारी राहिली, आणि नवी कॅनडात चित्रित होऊन आत शिरली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिला १८ एमी पुरस्कार मिळाले. एका वर्षात एवढे पुरस्कार त्याआधी कोणत्याही मालिकेला मिळाले नव्हते.

इतिहासातली ग्रासिया मारिकोहून वेगळी होती का? तिचे वडील अकेची मित्सुहिदे यांनी १५८२ साली आपला स्वामी ओदा नोबुनागा याच्यावर क्योतोत अचानक हल्ला करून त्याचा अंत घडवला आणि काही दिवसांतच स्वतःही मारले गेले. स्वामीद्रोह्याची मुलगी म्हणून तिला दोन वर्षे डोंगराळ भागात अज्ञातवासात काढावी लागली. पती होसोकावा तादाओकी नामांकित योद्धा होता, चहाविधीचा मर्मज्ञ होता आणि कमालीचा संशयी. १५८७ मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. १६०० च्या उन्हाळ्यात इशिदाने ओसाकातल्या सरदारांच्या कुटुंबांना ओलीस धरायला सुरुवात केली तेव्हा तिने जायला नकार दिला. ख्रिस्ती असल्यामुळे आत्महत्या वर्ज्य. म्हणून घराण्याच्या सेवकाने तिचा वध केला आणि वाड्याला आग लावण्यात आली. अॅडम्सशी तिची भेट झाल्याचा कोणताही पुरावा नाही. प्रेमकथा सर्वस्वी क्लॅव्हेलची.

जुन्या मालिकेत तिचा मृत्यू ही प्रामुख्याने ब्लॅकथॉर्नची शोकांतिका आहे. नवीमध्ये नवव्या भागात ती ओसाकाच्या किल्ल्याच्या दारातून बाहेर पडण्याचा हट्ट धरते, पहारेकऱ्यांच्या भाल्यांना भिडते, आणि ओलिसांना 'पाहुणे' म्हणणाऱ्या इशिदोचे ढोंग सर्वांसमक्ष उघडे पाडते. सैन्याने व्हायचे नव्हते ते एका बाईला पाठवून झाले, असा तोरानागाचा हिशेब शेवटच्या भागात आपल्याला कळतो. ग्रासियाच्या चरित्राच्या हे अधिक जवळ जाते. तरी एक शंका राहतेच. येथे तिचा निर्णय तिचा आहे, की तोरानागाच्या डावातली ती शेवटची सोंगटी आहे? मालिका दोन्ही म्हणू पाहते.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण या कथेचा एक धागा गोव्यातून गेलेला आहे. दोन्ही मालिकांत ब्लॅकथॉर्न आणि जेझुइट पाद्री ज्या 'पोर्तुगीज'मध्ये बोलतात ती आपल्याला इंग्रजी म्हणून ऐकवली जाते. नव्या मालिकेने एवढा भाषिक काटेकोरपणा पाळला, पण पोर्तुगीज तीतही नाही. आणि नेमकी तीच त्या समुद्राची भाषा होती. जपानला गेलेला फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाला होता. त्याचा जपानी सोबती आंजिरो याचा बाप्तिस्मा १५४८ साली गोव्यात झाला. क्लॅव्हेलच्या पाद्री अल्व्हितोमागे ज्या झुआंव रॉद्रिगिशची सावली आहे, त्याने जपानी भाषेचे व्याकरण लिहिले आणि ते १६०४ ते १६०८ या काळात नागासाकीला छापले गेले. त्याच सुमारास साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स हा दुसरा एक इंग्रज मराठीत 'ख्रिस्तपुराण' (१६१६) रचत होता. त्याचे कोकणी व्याकरण पुढे १६४० मध्ये रायतूरला छापले गेले. स्टीफन्स १६१९ मध्ये वारला, अॅडम्स १६२० मध्ये. एकाने पोर्तुगीजांच्या छायेत राहून परभाषा आपली केली, दुसऱ्याने त्यांच्याशी वैर धरून. परकी भाषा आत्मसात करणे हा त्या काळी धर्माचा, व्यापाराचा आणि जिवाचा प्रश्न होता, हे आमच्या वाचकांना ओवी छंदातूनच ठाऊक आहे.

जिवाचा म्हणजे अक्षरशः. कादंबरीत आणि मालिकेत एक म्हातारा माळी आहे. ब्लॅकथॉर्न शिकार केलेला फेझंट पक्षी मुरण्यासाठी घराबाहेर टांगून ठेवतो, आणि याला हात लावेल तो मरेल असे मोडक्यातोडक्या जपानीत, अर्धवट थट्टेने, बजावतो. पक्षी सडतो, गावाला दुर्गंधी सहन होत नाही, माळी तो उतरवतो. आज्ञा ती आज्ञा. माळ्याला ठार केले जाते. ब्लॅकथॉर्न हादरतो, घरातली माणसे त्याच्या हादरण्यानेच गोंधळतात. नव्या मालिकेने हा प्रसंग फार संयमाने हाताळला आहे. पण ज्याच्या मरणावर तो उभा आहे त्या माळ्याला स्वतःचे असे जवळजवळ काही बोलायला नाही. उपशीर्षके आली ती सरदारांच्या बोलण्याला. सरंजामी समाजात शेत कसणारा, मासे मारणारा, बाग राखणारा माणूस काय बोलत असेल, याबाबतीत नवी मालिका जुनीपेक्षा फार पुढे गेलेली नाही, हे नोंदवले पाहिजे.

आणि जपानने स्वतःसाठी केलेल्या मालिका? एन.एच.के.ची वर्षभर दर रविवारी चालणारी 'ताइगा' मालिका १९६३ साली सुरू झाली. पहिलीचा फक्त पहिला भाग उरला आहे. चित्रफिती महाग होत्या, त्यामुळे त्यांवर पुन्हा ध्वनिमुद्रण होई. तेथल्या प्रेक्षकाला सेकिगाहाराची लढाई कोणी जिंकली हे शाळेपासून ठाऊक असते, म्हणून तेथे प्रश्न वेगळा असतो : या वर्षी कथा कोणाच्या वाड्यातून सांगायची? १९८३ च्या 'तोकुगावा इएयासू'मध्ये यामाओका सोहाची यांच्या कादंबरीतला शांततेसाठी सारे सोसणारा इएयासू होता. २०२३ च्या 'दोउ सुरु इएयासू'मधला भित्रा आणि पावलोपावली गोंधळणारा आहे. २०२० मध्ये तर स्वामीद्रोही मित्सुहिदेच नायक झाला. परकी दृष्टीही तेथे वर्ज्य नाही. १९९२ च्या नोबुनागावरील मालिकेचा निवेदक लुईस फ्रॉइश हा पोर्तुगीज जेझुइट आहे. तोही गोव्यात शिकून पुढे गेलेला. प्रत्येक भागाअखेर तो पोर्तुगीजमध्ये निरोप घेतो. दोन्ही 'शोगुन'मध्ये जी भाषा ऐकू आली नाही, ती जपानी घरांत वर्षभर रविवारी रात्री ऐकू येत होती.

नव्या 'शोगुन'च्या पुढील भागांची घोषणा २०२४ मध्येच झाली. कादंबरी मात्र संपली आहे. अॅडम्सची गोष्ट संपलेली नव्हती. रॉद्रिगिशला १६१० मध्ये जपान सोडून मकावला जावे लागले आणि इएयासूच्या दरबारी दुभाष्याचे काम करीत होता तो अॅडम्स, तोच माणूस ज्याला दोन्ही मालिकांत वाक्यावाक्याला दुभाषी लागतो. १६१३ साली ईस्ट इंडिया कंपनीचे 'क्लोव्ह' जहाज हिरादोला आले. कप्तान जॉन सारिसला वाटले होते, तेरा वर्षांनी देशबांधव भेटल्यावर हा माणूस गळ्यात पडेल. अॅडम्सने इंग्रजांचे सारे बोलणे जपान्यांपर्यंत नेले आणि जपानचे एवढे कौतुक केले, की हा आता जपानीच झाला आहे असे आमच्या लोकांना वाटते, अशी नोंद सारिसने आपल्या रोजनिशीत केली.