नोंदणी आणि जामीन

छापखाना काढावयाचा तर मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहून डिक्लेरेशन करावे आणि छापलेल्या कागदावर मुद्रकाचे नाव-ठिकाण घालावे, असा दंडक हिंदुस्थानात १८६७ च्या कायद्याने घातला. त्यात वावगे ते काय? पैसा मागितला नव्हता, मजकूर आधी दाखविण्याची अट नव्हती, नुसती नोंद. परंतु वही एकदा उघडली म्हणजे तीत नाव घालण्याचे मोल वाढविणे सोपे जाते. १९१० च्या प्रेस ॲक्टाने नव्या डिक्लेरेशनवर ५०० ते २००० रुपयांचा जामीन बसविला. तो माफ करणे मॅजिस्ट्रेटच्या मर्जीवर. शिवरामपंत परांजपे यांचा 'काळ' त्याच वर्षी या कायद्याच्या कचाट्यात सापडून बंद पडला.

ही जुनी हकीकत उकरण्यास कारण घडले आहे. अँड्रॉइड फोनात ॲप चढवावयाचे तर ते रचणाऱ्याने आपली ओळख पटवून कंपनीकडे नोंद केली पाहिजे, मग ते ॲप प्ले स्टोअरबाहेरून का येईना, असे गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. आरंभ सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड या देशांत, आणि २०२७ पासून इतरत्र, असा बेत. पूर्ण नोंदणीस २५ डॉलर. २०१० पासून मुक्त ॲप्स फुकट वाटणाऱ्या एफ-ड्रॉइडच्या मंडळींनी, हा नियम आला तर आपले काम संपलेच, असे स्पष्ट सांगितले. धोका पत्करणाऱ्या जाणत्या माणसास बिननोंदीचे ॲप घेण्याची वाट ठेवू, असे कंपनी नोव्हेंबर २०२५ मध्ये म्हणाली खरी.

विद्यार्थी व हौशी लोकांकरिता बिनखर्ची नोंदही तिने देऊ केली आहे. मात्र ॲप मोजक्याच फोनांवर चालावयाचे. आमच्या चोपड्याहून तापी ओलांडली की अंमळनेर. तेथे शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. हाती लिहिलेल्या पत्रास डिक्लेरेशन नको होते. पण ते छात्रालयाच्या भिंतीपलीकडे कितीसे जाणार? लोकांपर्यंत पोहोचावयाचे झाले तेव्हा, १९३८ साली, 'काँग्रेस' साप्ताहिक त्यांस छापूनच काढावे लागले. नव्या सवलतीचे मोल मी एवढेच समजतो.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली फाइल उघडून बँकेतील ठेव गमावलेली माणसे आपल्याकडे आहेत; नाव-गाव लपविणाऱ्या भामट्यास आवर हवाच. माझे भांडण नोंदीशी नसून, वही कोणाच्या हाती, याच्याशी आहे. १९१० चा कायदा जुलमी खरा, तरी जामीन जप्त झाल्यास हायकोर्टात तीन न्यायमूर्तींपुढे दाद मागता येई. कंपनीने नाव खोडले तर पहिली दाद कंपनीकडेच! आणि गंमत अशी, की सरकारने १८६७ चा तो कायदा १ मार्च २०२४ पासून मोडीत काढला. मॅजिस्ट्रेटपुढील डिक्लेरेशनही त्याबरोबर गेले.

बाहेरून ॲप देण्याची वाट गूगलने अडवू नये, असा हुकूम भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांच्या दंडासोबत दिला होता. मार्च २०२३ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने दंड कायम ठेविला. हा हुकूम मात्र रद्द केला.