धंद्याला कोणता फोन घ्यावा? मनोर-पालघर-बोईसरचा जुना हिशोब

पोस्ट लांब आहे, चहा घेऊनच बसा.

"धंद्याला कोणता मोबाईल घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-चारदा तरी ऐकायला मिळतो. विचारणारे सगळ्या प्रकारचे. मस्तान नाक्यावरचे गॅरेजवाले, वीटभट्टीवाले, बोईसरच्या कंपन्यांना माणसं पुरवणारे ठेकेदार, बचत गटाच्या ताई. पत्रकार म्हटला की त्याला सगळंच कळतं, असा लोकांचा समज. प्रत्येकाला मॉडेलचं नाव पाहिजे असतं. मी नाव सांगत नाही, कारण नावं दर सहा महिन्यांनी बदलतात. आपल्या भागात धंद्याचा फोन आजवर कशावर ठरला, ते मात्र फारसं बदललेलं नाही. रेंज, वीज, दर आणि नंबर कोणाच्या नावावर, या चार गोष्टी. कसं ते सांगतो.

सुरुवात मोबाईलच्या आधीपासून करावी लागेल. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, तारापूर एमआयडीसी वाढत गेली, बोईसरला कारखाने आले. पण कारखाना इथे आणि व्यापारी मुंबईत. मधला संवाद म्हणजे ट्रंक कॉल. एक्स्चेंजला नंबर बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. घाई असेल तर 'अर्जंट', त्याहून घाई असेल तर 'लाइटनिंग', आणि तेवढे जास्त पैसे. गाडी निघाली की नाही, माल पोचला की नाही, हे कळेपर्यंत कधी कधी गाडीच परत यायची.

१९८४ मध्ये दिल्लीत सी-डॉट ही सरकारी संस्था उभी राहिली. सॅम पित्रोदांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलं. तिच्या अभियंत्यांनी खेड्यांसाठी १२८ लाइनचं छोटं एक्स्चेंज बनवलं. त्याची खासियत म्हणजे त्याला एसी लागत नव्हता. धूळ, उकाडा, जाणारी-येणारी वीज हे सगळं गृहीत धरून केलेलं यंत्र. त्यानंतर गावोगाव पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ आले. त्या काळातलं व्हिजिटिंग कार्ड कोणाकडे असेल तर बघा, नंबराच्या पुढे 'पीपी' लिहिलेलं सापडेल. म्हणजे फोन शेजाऱ्याचा किंवा बूथवाल्याचा, निरोप आपला. छोट्या धंदेवाल्याचं ऑफिस म्हणजे तो बूथ. बूथवाल्याशी भांडण झालं तर धंदा बंद. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आपला कोड ०२५२५. मुंबईला लावायचा तर एसटीडी, मुंबईहून इकडे लावायचा तरी एसटीडी. मुंबईत एमटीएनएल, आपल्याकडे दूरसंचार खातं आणि २००० नंतर बीएसएनएल. पुढे काही वर्षं शून्याच्या जागी ९५ लावून कमी दरात बोलता यायचं. म्हणून बोईसरच्या कंपन्यांच्या जुन्या लेटरहेडवर ९५२५२५ असा कोड दिसतो. अंतर तेवढंच, पण मध्ये खात्यांची रेघ होती.

मोबाईल आला तरी ती रेघ गेली नाही. ३१ जुलै १९९५ ला कोलकात्यातून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल लावला. मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर, आणि आलेल्या कॉललाही पैसे. फोन वाजला की माणूस आधी घाबरायचा. त्यात मुंबईचं सर्कल वेगळं, उरलेल्या महाराष्ट्र-गोव्याचं वेगळं. मुंबईचं सिम पालघरला आलं की रोमिंग. मुंबईत माल विकणाऱ्या आणि पालघरात राहणाऱ्या माणसाने सिम कुठलं घ्यायचं? अनेकांनी दोन घेतली. हँडसेट महाग म्हणून फोन एकच, सिम पाकिटात, आणि लोकलमध्ये बसून पाठीमागचं झाकण काढून बदलायचं. खिशातल्या खिशात हे करणारे आपल्यात अजून आहेत.

चित्र पालटलं ते २००२-०३ मध्ये. बीएसएनएलची मोबाईल सेवा ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झाली. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉम आली आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून हातात फोन देणारी योजना गाजली. मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. माझ्या मते आपल्या भागातल्या धंद्याच्या इतिहासात ही सगळ्यात मोठी तारीख आहे. कारण छोट्या धंदेवाल्याला फोन करायचा नसतो, त्याला फोन यायला हवा असतो. रिक्षावाला, गवंडी, पंप दुरुस्त करणारा, मंडपवाला यांचा नंबर पहिल्यांदा भिंतीवर रंगवला गेला तो त्यानंतर. मिस्ड कॉलची भाषासुद्धा तेव्हाचीच. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो, पैसे शून्य.

त्याच वर्षी नोकिया ११०० आला. जगभरात २५ कोटींहून जास्त विकला गेला. त्यात कॅमेरा नव्हता, रंगीत पडदा नव्हता. टॉर्च होती, धूळ आत जाणार नाही असा कीपॅड होता आणि बॅटरी दिवसेंदिवस चालायची. भारनियमनाच्या त्या वर्षांत आपल्याकडे तो फोन का टिकला, हे वेगळं सांगायला नको. पहाटेच्या अंधारात भाजी भरणाऱ्याला टॉर्च हीच सुविधा होती. पालघरच्या दुरुस्तीवाल्याकडे त्याचे पार्ट मिळायचे, हाही मोठा गुण.

फोनमुळे धंद्यात नेमका काय फरक पडतो, याचा पुरावा केरळमधून आला. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर अभ्यास केला. मोबाईल येण्याआधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासे फेकले जायचे आणि जवळच्याच दुसऱ्या बंदरावर तुटवडा असायचा. फोन आल्यावर होडीवाले समुद्रातूनच भाव विचारून बंदर ठरवू लागले. मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाईकाला मासे सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाले. फायदा दोघांचा. सातपाटीच्या कोळी बांधवांना हे वाचून नवल वाटणार नाही. विक्रमगड-जव्हारचा मोगरा दादरच्या फूलबाजारात पाठवणाऱ्या शेतकऱ्यालाही नाही. आजचा भाव आजच कळला तर त्याला अर्थ. फूल उद्यापर्यंत थांबत नाही.

मग चायनीज हँडसेटची लाट आली. दोन सिम, मोठा आवाज, स्वस्त किंमत. पाकिटातलं दुसरं सिम फोनमध्ये गेलं. पण बऱ्याच सेटना आयएमईआय नंबरच नव्हता. नोव्हेंबर २००९ संपताच सरकारने असे फोन बंद करायला लावले. स्वस्तात घेतलेला धंद्याचा फोन एका रात्रीत मुका झाला. बिल नाही, तक्रार कोणाकडे करणार?

जानेवारी २०११ पासून कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येऊ लागला, आणि जुलै २०१५ पासून सर्कल बदललं तरी. म्हणजे मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातली ती रेघ नंबरापुरती वीस वर्षांनी पुसली गेली.

२०१६ तर सगळ्यांना आठवतंय. सप्टेंबरमध्ये जिओ आलं, नोव्हेंबरमध्ये नोटबंदी झाली. यूपीआय त्याच वर्षीचं. जिओ फक्त ४जी वर चालत होतं, त्यामुळे जुना कीपॅडचा फोन त्याच्या उपयोगाचा राहिला नाही. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आलं. मग फोन म्हणजे दुकानाची पाटी, वही, गल्ला आणि कॅटलॉग, सगळं एकाच डब्यात. क्यूआर कोड चहाच्या टपरीवर लागला.

आणि इथे 'पीपी'ची गोष्ट परत येते. माझ्या ओळखीत असे अनेक धंदे आहेत, जिथे दुकान बाईचं आणि सिम पुतण्याच्या नावावर. गाडी मालकाची आणि नंबर ड्रायव्हरच्या नावावर. बचत गटाचा नंबर कोणा कार्यकर्त्याच्या कागदपत्रांवर. सिम स्वस्तात आणि घाईत वाटली गेली तेव्हा कोणी विचार केला नाही. आज त्याच नंबरावर गिऱ्हाईक येतं, बँकेचा ओटीपी येतो, पैसे येतात. संबंध बिघडले की समोरचा माणूस गॅलरीत जाऊन सिम बदलून घेतो, आणि पंधरा वर्षांचा धंदा त्याच्या खिशात. बूथवाल्याशी भांडण झालं तर धंदा बंद, तसंच हे. फक्त तेव्हा निरोप अडायचा, आता पैसे अडतात.

म्हणून माझं उत्तर असं. हँडसेट घेण्याआधी चार कामं करा.

एक, जिथे धंदा करता तिथे उभं राहून रेंज बघा. नाक्यावर नाही, भट्टीवर, शेतावर, पाड्यावर. ज्याची रेंज तिथे येते ते सिम आधी, फोन नंतर.

दोन, नंबर स्वतःच्या नावावर करून घ्या. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं, हरवलेला फोनही तिथून ब्लॉक करता येतो. ९० दिवस वापर नसेल तर सिम बंद होऊन नंबर दुसऱ्याला जाऊ शकतो, रिचार्ज विसरू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३०.

तीन, बॅटरी आणि दुरुस्ती. ज्याचा पार्ट पालघर-बोईसरला मिळत नाही तो फोन धंद्याला महागच. पक्कं बिल घ्या.

चार, एमआयडीसीत जाणाऱ्यांनी गेटचे नियम आधी विचारा. सॉल्व्हंटच्या प्लांटमध्ये साधा फोन नेणं धोक्याचं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी कॅमेऱ्याचा फोन बाहेर ठेवावा लागतो.

यातली तीन कामं आपल्या हातात आहेत. पहिलं नाही. रेंज दुकानातून विकत घेता येत नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या नेटवर्क नसलेल्या गावांना ४जी देण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचं स्वदेशी ४जी सुरू झालं, आणि त्यातही सी-डॉटचा हात आहे. त्याच सी-डॉटचा, जिने कधी काळी खेड्यासाठी बिनएसीचं एक्स्चेंज बनवलं होतं. मग आपल्या डोंगराआडच्या पाड्यांना किती टॉवर मिळाले, त्यातले किती चालू आहेत आणि वीज गेली की किती तास तग धरतात, हे विचारायचा हक्क आपला आहे. मोगरा तोडणाऱ्या बाईला भाव कळावा म्हणून टेकडीवर चढावं लागत असेल, तर तिने दहा हजारांचा फोन घेतला काय आणि तीस हजारांचा घेतला काय.

तुमच्या गावात, पाड्यात कुठली रेंज येते, कुठली येत नाही आणि टॉवर उभा असून बंद आहे का, हे खाली लिहा. गावाचं नाव, पाड्याचं नाव, कंपनी, एवढं पुरे. यादी करून ग्रामसभेत आणि तहसीलदारांकडे देऊ. आणि ज्यांच्याकडे 'पीपी'वालं कार्ड असेल, त्यांनी फोटो जरूर टाका.