गस्त, गश्ती आणि आमची गल्ली

मागच्या रविवारी आमच्या काचीगुड्याच्या गल्लीत कॅमेऱ्यांच्या वर्गणीसाठी बैठक झाली. दोन महिन्यांत दोन घरफोड्या झाल्यात, त्यामुळे पैशाला कोणी नाही म्हणालं नाही. वाद झाला तो कॅमेऱ्याचं तोंड कुठे असावं यावर. घरी आलो आणि जुन्या गोष्टी आठवत बसलो. त्याच लिहितोय, पोस्ट लांबली तर सांभाळून घ्या.

हैदराबादेत पोलिसांवर न विसंबता आपला पहारा आपण ठेवायची रीत जुनी. पण पहारेकरीच डोईजड झाल्याचा अनुभवही या शहराला आहे. एकोणिसाव्या शतकात सावकारांच्या पेढ्यांवर अरबांचा पहारा असे. पुढे त्यांच्या जमादारांनी स्वतःच व्याजाने पैसे द्यायला सुरुवात केली, आणि जो फेडणार नाही त्याला सरळ आपल्याच घरात कोंडून ठेवायचे! पहिले सालारजंग 1853 ते 1883 दिवाण होते. त्यांनी कोर्टकचेऱ्या नि पोलीस उभे केले, तेव्हा कुठे हे खासगी तुरुंग बंद पडत गेले.

आमच्या भागाचं दुखणं निराळं. शेजारचा सुलतान बाजार म्हणजे तेव्हाचा रेसिडेन्सी बाजार. 1933 पर्यंत तिथे कारभार इंग्रजांचा. पोलीस त्यांचे, कोर्ट त्यांचं. बाजाराची हद्द ओलांडली की निजामाची कोतवाली सुरू. आमचे पणजोबा बाजारात एका पेढीवर मुनीम होते. ते सांगायचे म्हणे, की चोर पेढीवरून पिशवी घेऊन पळाला तर तिकडचा शिपाई हद्दीपर्यंत धावायचा आणि मग उभा राहून नुसता बघायचा. सभा-भाषणं करणाऱ्यांना मात्र हीच हद्द सोयीची होती, कारण निजामाचे हुकूम बाजारात चालत नसत.

त्या काळी शहराचे कोतवाल होते राजाबहादूर वेंकटरामा रेड्डी, 1920 ते 1934. आसफजाहीतले पहिले हिंदू कोतवाल. रेड्डी हॉस्टेल उभारणारे तेच. त्यांच्याबद्दल आमच्या घरात आदरानेच बोललं जायचं. पण माणूस कितीही चांगला असला तरी सरकार निजामाचंच. 1920 नंतरच्या दशकात ती प्रसिद्ध ‘गश्ती निशान 53’ निघाली, म्हणजे परवानगीशिवाय सभा नको. आखाड्यांनाही परवानगी लागू लागली. गंमत बघा, आपली रात्रीची गस्त आणि सरकारची गश्ती, मूळ शब्द एकच, फिरणं. चार पोरं काठ्या घेऊन गल्लीत फिरली की त्या गश्तीमुळे लगेच संशय.

1948 ला मात्र परवानगी विचारायला कोणी थांबलं नाही. ऑगस्टमध्ये ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा आमच्याच काचीगुड्यात, रात्री घरी परतताना खून झाला. रझाकारांविरुद्ध, भारतात सामील व्हा असं लिहीत होते म्हणून. हात तोडला होता त्यांचा. ते स्वतः मुसलमान होते हे आज किती जणांना आठवतं कोण जाणे.

त्यानंतर आमच्या वाड्यातल्या पोरांनी गल्लीच्या तोंडाशी बाकं आडवी टाकली. दहानंतर बाहेरचं कोणी आत नाही. एका रात्री एका सुनेला कळा सुरू झाल्या. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या मुसलमान दाईला आधीच सांगून ठेवलेलं, ती कंदील घेऊन आली. पोरांनी तिला परत पाठवलं. आजी सांगायची, “हटकणारा पोरगा तिच्याच हातावर जन्मलेला गं.” बाळ-बाळंतीण वाचली, शेजारणींनी केलं सगळं. 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, बाकं उचलली. आजोबा आठवड्याने साडीचोळी घेऊन दाईच्या घरी गेले तर दाराला कुलूप. कुठे गेली, कशाला गेली, कोणी सांगू शकलं नाही. हटकणारा पोरगा म्हणजे आजोबांचा सख्खा धाकटा भाऊ.

1990 च्या डिसेंबरातल्या दंगलीत कर्फ्यू लागला तेव्हा मीही दंडुका घेऊन त्याच तोंडाशी बसलो होतो. चोर एकही दिसला नाही. दुधाचा कॅन घेऊन येणाऱ्या एका पोराला मात्र मी नाव विचारलं होतं. दूध नव्हे, नाव.

आता कॅमेरे. 2013 च्या कायद्याने दुकानांना ते सक्तीचे झाले, मग पोलिसांनी ‘नेनु सैतम’, म्हणजे ‘मीसुद्धा’, म्हणून वस्त्यांनाही वर्गणीतून लावायला सांगितलं. चांगलंच आहे, चोर सापडतात. पण आमच्या बैठकीत चारही कॅमेरे मागच्या मोहल्ल्याकडच्या बोळावर लावायचं ठरत होतं. घरफोडी झालेली दोन्ही घरं पुढच्या रस्त्यावरची! मी एवढंच म्हटलं, आणि दाईची गोष्ट सांगितली. दोघे उठून गेले. शेवटी दोन पुढे, दोन मागे असं ठरलंय, वर्गणी घरटी दोन हजार.

त्या दाईला आमच्या घरात सगळे ‘बडी बी’ म्हणायचे. खरं नाव काय होतं ते आता सांगणारं कोणी उरलं नाही. बडी चावडी, कुतबीगुडा भागातल्या जुन्या घरांत कोणाला तिच्याबद्दल माहीत असेल तर जरूर लिहा.