अलबेला, चिक चॉकलेट आणि आपली पस्तिशी

आजचा भाग मुंबईतल्या जॅझवर आहे आणि थोडासा वयावरही. मी आत्ता तिशीच्या उंबरठ्यावर आहे. आमच्या ग्रुपमध्ये हल्ली सारखं ऐकू येतं की तिशी आली की छंद संपतात, उरतात फक्त हप्ते. मला हे पटत नाही. का, ते सांगतो.

१९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हे आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आले. अशा बँड्सकडून गोव्याची पोरं जॅझ शिकली. नोटेशन वाचायला ती लहानपणीच चर्चच्या शाळेत शिकलेली असायची. त्यातलेच एक हळदोण्याचे अंतोनियो शाव्हियर वाझ. ट्रम्पेट हातात घेऊन ते 'चिक चॉकलेट' झाले. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे.

मग १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि नाइटक्लबचा धंदा मंदावला. दुसरीकडे हिंदी सिनेमाला मोठे ऑर्केस्ट्रा हवे होते. संगीतकार चाल पेटीवर वाजवून दाखवायचे. ती प्रत्येक वाद्यासाठी कागदावर उतरवायची कोणी? बहुतेकदा गोवेकर अरेंजरनी. पडद्यावर नाव आलंच तर 'सहाय्यक' म्हणून, नाहीतर तेही नाही.

आता १९५१ चा 'अलबेला' बघा. दिग्दर्शक आणि हिरो भगवानदादा, वय ३८. संगीतकार पुणतांब्याचे सी. रामचंद्र, वय ३३. त्यांच्यासोबत चिक, वय ३५. म्हणजे आपल्या वरातीत आजही ज्या गाण्यांवर आजोबा आणि नातू एकत्र नाचतात, ती पस्तिशीतल्या माणसांनी केलेली आहेत. हॉटेलात वाजवायचा तो जॅझ घेऊनच चिक स्टुडिओत गेले. त्यातल्या एका गाण्यात ते आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतात.

हे सगळं गोड नव्हतं हं. दुसऱ्याच्या नावाखाली वर्षानुवर्षं काम करणं माणसाला आतून खातं. मी कोड लिहितो, त्यावरही माझं नाव नसतं, पण मला निदान महिन्याला पगार मिळतो. चिक १९६७ मध्ये गेले, पन्नाशीच्या सुरुवातीलाच.

त्यांच्याच पिढीतले दुसरे ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड. तेही बरीच वर्षं मोठमोठ्या संगीतकारांचे सहाय्यक होते. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी काय केलं? १९६३ मध्ये 'आमचें नशीब' या कोंकणी सिनेमाची निर्मिती केली. संगीत ख्रिस पेरींचं. आपल्या भाषेत, आपल्या माणसांसाठी.

या दोघांकडे बघून मला एवढंच कळतं की पोटासाठी केलेल्या कामातही आपला सूर ठेवता येतो, आणि स्वतःचं काही करायला चाळिशी उशिराची नसते. फक्त तोवर वाद्याला गंज चढू द्यायचा नाही.

आज घरी गेल्यावर 'अलबेला'ची गाणी लावा. या वेळी गायकाकडे नको, मागच्या ट्रम्पेटकडे कान द्या. भेटू पुढच्या भागात.