कुलूप लावलेल्या खोल्या : दोआबाची माणसे सातासमुद्रापार का गेली?

आज लढायांबद्दल बोलणार नाही. घर सोडून फार लांब गेलेल्या माणसांबद्दल आणि मागे राहिलेल्यांबद्दल बोलणार आहे.

१९९६ साली मी जालंधर छावणीत मेजर होतो. आमच्या पलटणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार साहेब फगवाड्याजवळच्या खेड्यात राहत. त्यांनी एकदा जेवायला बोलावले. घर दुमजली, खोल्या नऊ. त्यातल्या सात खोल्यांना कुलूप. चार भावांपैकी तिघे इंग्लंड-कॅनडात. मागे राहिले हे आणि त्यांची बायको. चाव्यांचा जुडगा दाखवून म्हणाले, "शिपाई होतो तेव्हा क्वार्टर गार्डवर पहारा दिला, साब. आता घरावर देतो."

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. सुपीक जमीन, नद्यांचे पाणी, कष्टाळू माणसे. मग दोआब रिकामा का झाला?

जमीन थोडी, वाटेकरी फार

बियास आणि सतलज या नद्यांमधला प्रदेश म्हणजे दोआब. १८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब ताब्यात घेतला. शेतसारा ठरलेल्या तारखेला रोख भरावा लागू लागला. पीक बुडाले तरी सारा चुकत नसे. शेतकरी सावकाराकडे गेला, जमिनी गहाण पडल्या. हे इतके वाढले, की सरकारला १९०० साली जमीन हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. त्यात दाट वस्ती आणि प्रत्येक पिढीत होणाऱ्या वाटण्या. चार भावांत दहा एकर वाटले तर कुणाचेच पोट भरत नाही. म्हणून एकाने बाहेर जायचे, पैसे पाठवायचे आणि गहाण सोडवायचे, असा हिशेब घरोघर मांडला गेला. आपल्या कोकणातल्या चाकरमान्याचा हिशेब याहून वेगळा नव्हता. फक्त तिथे मुंबई होती, इथे समुद्र ओलांडायचा होता.

वाट दाखवली फौजेने. शीख शिपाई आणि पोलीस हाँगकाँग, शांघाय, मलायात नोकरीला होते. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी निघालेली हाँगकाँगची तुकडी कॅनडामार्गे गेली. तिथली मोकळी जमीन आणि मजुरीचे दर शिपायांनी पाहिले आणि गावी सांगितले. १९०४ ते १९०८ या काळात सुमारे पाच हजार हिंदी माणसे ब्रिटिश कोलंबियात उतरली. बहुतेक पंजाबी होती, लाकडाच्या गिरण्यांत राबत होती. बहुतेकांना चार पैसे कमावून परत यायचे होते.

दार बंद झाले

१९०८ मध्ये कॅनडाने नियम केला : मायदेशातून न थांबता थेट प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश. भारतातून तशी थेट बोटच नव्हती! १९१४ मध्ये गुरदित्तसिंग यांनी 'कोमागाटा मारू' हे जहाज भाड्याने घेऊन या नियमाला आव्हान दिले. ३७६ उतारू घेऊन ते २३ मे रोजी व्हँकुव्हरला पोचले. दोन महिने बंदरात अडवून, मोजकेच लोक उतरू देऊन त्याला परत पाठवले. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज येथे उतारूंवर गोळीबार झाला आणि अनेकजण मेले.

बोटीची गोष्ट आपण शाळेत वाचतो. घरांची गोष्ट कुणी सांगत नाही. तिकडे पोचलेल्यांना बायका-मुले आणता येत नव्हती. १९१२ मध्ये भागसिंग आणि बलवंतसिंग यांच्या कुटुंबांना सरकारने 'कृपा' म्हणून राहू दिले. सरसकट परवानगी मिळायला १९१९ उजाडले. अमेरिकेने तर १९१७ च्या कायद्याने दारच लावले. कॅलिफोर्नियातल्या शेकडो पंजाब्यांनी मेक्सिकन बायकांशी संसार थाटले. त्यातल्या काहींची बायको गावी वाट पाहत होती. मनीऑर्डर येत होती. माणूस येत नव्हता.

इथे एक उलटी गोष्ट घडते. दार बंद केले की माणसे परत जातील, असे सरकारांना वाटते. पण एकदा बाहेर गेलो तर पुन्हा आत येता येणार नाही, या भीतीने माणूस तिथेच रुततो आणि घरच्यांना बोलावून घेतो. इंग्लंडच्या १९६२ च्या कायद्याने हेच केले. ओतशाळेत काम करून परतू म्हणणाऱ्यांनी कुटुंबेच नेली. पुढे १९६७ मध्ये कॅनडाने गुणांवर आधारित पद्धत आणली आणि शिकलेलेही निघाले. जालंधरजवळ तल्हणच्या गुरुद्वाऱ्यात तर व्हिसासाठी खेळण्यातली विमाने वाहिली जात.

मागे राहिलेले

पैसे येतात, घर पक्के होते, बहिणींची लग्ने होतात. हे खोटे नाही. पण आजारपण, म्हातारपण, कोर्टातली तारीख, शेताचा बांध हे सगळे राहिलेल्या भावाच्या गळ्यात पडते. आणि पैसा त्याने पाठवलेला नसल्यामुळे घरात त्याच्या शब्दाला वजनही राहत नाही. सुभेदार साहेबांचे दुःख एकटेपणाचे कमी आणि या गोष्टीचे जास्त होते, हे मला उशिरा कळले.

कळले ते स्वतःवरून. १९९३ साली माझे वडील गेले, तेव्हा मी काश्मीरमध्ये होतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी पोचलो तिसऱ्या दिवशी; सावडणे उरकले होते. अग्नी धाकट्या भावाने दिला. आजारपणातली दोन वर्षेही त्यानेच काढली. लोकांनी माझ्या वर्दीचे कौतुक केले, त्याला कुणी काही म्हटले नाही. मीही नाही.

आता माझा मुलगा अकरा वर्षे टोरांटोजवळ आहे. त्याच्या जाण्याला मी नाव ठेवत नाही. मीही गेलोच होतो. हे ऐकणारे तुम्ही बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत असाल, तर तुमचाही कुणी पूर्वज कधीतरी गाव सोडून निघालेला असणार, आणि कुणीतरी मागे थांबलेला असणार.

मागच्या दिवाळीत मी गावी गेलो. भावाला म्हणालो, "त्या दोन वर्षांबद्दल तुला कधी काही बोललो नाही." तो म्हणाला, "दादा, आधी चहा घे." मग बराच वेळ आम्ही दोघे ओट्यावर बसलो.

तुमच्या घरी मागे थांबलेला जो कोणी आहे, त्याला आज एक फोन करा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.