संगीत पर्यवेक्षक (चित्रपट)

चित्रपटासाठी मुद्दाम न रचलेले, आधीपासून अस्तित्वात असलेले संगीत हुडकणारी, त्याच्या वापराची परवानगी मिळवणारी आणि ते दृश्यात कुठून कुठपर्यंत वाजेल हे दिग्दर्शकाबरोबर ठरवणारी व्यक्ती. नव्या गाण्यांसाठी कलावंत सुचवणे व त्यांचे करारमदार पाहणे हेही बहुधा तिच्याकडेच येते. धंद्यात सर्रास ‘म्युझिक सुपरवायझर’ म्हणतात. संगीत दिग्दर्शक चाल बांधतो. संगीत संयोजक त्या चालीला वाद्यमेळाचे रूप देतो (हिंदी चित्रपटांत हे काम दीर्घकाळ अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा अशा गोव्याच्या वादकांनी केले). पर्यवेक्षक एक सूरही रचत नाही. तरी चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्याच्या ओठांवर कधी कधी त्यानेच मिळवलेले गाणे असते.

हॉलिवूडमध्ये हे पदनाम जुने, आजचा अर्थ मात्र नवा. १९५० च्या दशकात युनिव्हर्सलच्या श्रेयनामावलीत जोसेफ गेर्शेन्सन यांचे नाव संगीत पर्यवेक्षक म्हणून येई. ते स्टुडिओच्या संगीत विभागाचे प्रमुख होते. बरेचसे संगीत घरातच तयार होत असल्याने बाहेरची गाणी आणण्यासाठी वेगळा माणूस नेमण्याची गरज नव्हती. ‘द ग्रॅज्युएट’ (१९६७) आणि ‘ईझी रायडर’ (१९६९) यांनी लोकांनी आधीच ऐकलेली गाणी पडद्यावर आणली आणि चित्र पालटले.

या कामाची सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी जॉर्ज लुकास यांच्या ‘अमेरिकन ग्राफिटी’त (१९७३) एकत्र पाहायला मिळते. १९६२ मधल्या एका रात्रीची ही गोष्ट. गावातली पोरे मोटारी घेऊन भटकतात आणि रेडिओ अखंड चालू असतो. त्यासाठी चाळीसहून अधिक गाणी हवी होती. सर्व हक्कधारकांना एकच ठरावीक दर देऊ करण्यात आला आणि एकूण खर्च सुमारे ९०,००० डॉलरवर राहिला. आरसीए कंपनीने तो दर मान्य केला नाही. परिणामी त्या काळातल्या अमेरिकी तरुणांच्या या चित्रपटात एल्विस प्रेस्लीचा आवाज नाही. गाण्यांवर एवढा खर्च झाल्याने स्वतंत्र पार्श्वसंगीताला पैसेच उरले नाहीत, आणि त्यावाचून चित्रपटाचे काही अडलेही नाही.

दोन हक्क. एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने किमान दोन वस्तू असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी त्या रचनेचे विशिष्ट ध्वनिमुद्रण. चित्रपटात गाणे वाजवायचे तर दोन्हींची परवानगी लागते: रचनेसाठी ‘सिंक’, मुद्रणासाठी ‘मास्टर’. दोन्हींचे मालक पुष्कळदा वेगळे असतात. चौघांनी मिळून लिहिलेल्या गाण्याचे चार प्रकाशक असू शकतात, आणि सर्वांत लहान वाटेकऱ्याचा नकारही गाणे अडवू शकतो.

भारतात घोटाळा वाढतो तो मुदतीमुळे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या वर्षानंतर ६० वर्षे, तर शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षे टिकतो. ‘मुघल-ए-आझम’ची गाणी १९६० ची, त्या मूळ मुद्रणांवरचा हक्क २०२० अखेर संपला. पण शकील बदायुनी १९७० मध्ये गेले, म्हणजे शब्द २०३० अखेरपर्यंत बांधलेले. नौशाद २००६ मध्ये गेले, चाली २०६६ पर्यंत. ‘गाणे जुने आहे, आता फुकट’ हे निर्मात्याच्या तोंडचे वाक्य पर्यवेक्षकाच्या काळजात धस्स करते ते यामुळे. परदेशांतल्या मुदती आणखी निराळ्या.

साधा वाढदिवसाचा प्रसंगही गोत्यात आणू शकतो. ‘हॅपी बर्थडे टू यू’वर वॉर्नर/चॅपेल ही प्रकाशनसंस्था अनेक वर्षे पैसे घेत असे, म्हणून पडद्यावरची माणसे केक कापताना भलतेच काही गात. २०१५ मध्ये अमेरिकी संघीय न्यायालयाने संस्थेचा दावा फेटाळला आणि पुढच्या वर्षी १ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड झाली.

कामाची रीत. पर्यवेक्षकाला कधी बोलवायचे, यावर पुष्कळ काही ठरते. संकलन संपत आल्यावर बोलावले तर त्याच्या हाती फक्त आग विझवणे उरते; संहितेच्या टप्प्यावर आणले तर तो आग लागू देत नाही. पात्र पडद्यावर गाणे गुणगुणत असेल, त्यावर नाचत असेल, तर परवानगी चित्रीकरणाआधीच हवी. नंतर नकार आला तर ओठांच्या हालचालींचे करायचे काय? मागे वाजणारे गाणे मात्र शेवटच्या आठवड्यातही बदलता येते.

हक्कधारकाला जाणाऱ्या पत्रात प्रसंगाचे वर्णन, किती सेकंद वापर, गाणे दृश्यात वाजते की दृश्यामागे, शीर्षकांवर आहे का, कोणते देश, किती वर्षे, चित्रपटगृह की ओटीटीसुद्धा, हे सारे लिहावे लागते. प्रसंगाचे वर्णन प्रामाणिक हवे. हिंसेच्या प्रसंगावर आपले गाणे नको असे कलावंत म्हणू शकतो, आणि प्रसंग लपवून मिळवलेली परवानगी पुढे अंगाशी येते. दराच्या घासाघिशीत ‘एमएफएन’ हे कलम हमखास निघते: एकाला जास्त दिले, तर हे कलम असलेल्या बाकीच्यांनाही तेवढेच द्यायचे. त्यामुळे एक महागडे गाणे साऱ्या यादीचा भाव चढवते. कमी पैशांच्या चित्रपटासाठी आधी फक्त महोत्सवांपुरती स्वस्त परवानगी घेतात आणि वितरक मिळाल्यावर पुढचा हप्ता देतात. तो पुढचा आकडा पहिल्याच करारात लिहून घेणे शहाणपणाचे. चित्रपटाला बक्षीस लागल्यावर तोच आकडा मागायला गेले, तर हक्कधारकानेही वर्तमानपत्र वाचलेले असते.

तात्पुरते संगीत. संकलक कापाकापी करताना हाताशी असलेले संगीत दृश्याखाली टाकतो आणि महिनोन्‌महिने ऐकून दिग्दर्शक त्याच्या प्रेमात पडतो. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’साठी (१९६८) ॲलेक्स नॉर्थ यांनी रचलेले संगीत बाजूला ठेवून स्टॅनली कुब्रिक यांनी तात्पुरते लावलेले स्ट्राउस आणि लिगेटीच कायम केले. ते कुब्रिकना जमले. परवडणारच नाही असे गाणे तात्पुरते म्हणूनही लावू देऊ नये, असा आग्रह पर्यवेक्षकाने धरला तर तो अरसिकपणा समजू नये.

मूळ मुद्रण मिळत नसेल किंवा महाग असेल, तर रचनेचीच परवानगी घेऊन गाणे नव्याने गाऊन घेतात. कधी यामागे कारण पैशांचे नसते, ऐकण्याचे असते. ‘बालगंधर्व’ (२०११) या मराठी चित्रपटात नाट्यपदे आनंद भाटे यांनी गायली आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जुन्या तबकडीतली खरखर आजच्या चित्रपटगृहात ऐकवली असती तर समोर जिवंत गाणारा नट खोटा वाटला असता.

भारतात. आपल्याकडे गाणी चित्रपटासाठीच रचली जात आणि निर्माता ती संगीत कंपनीला विकत असे. आपण विकणारे, घेणारे नव्हे. त्यामुळे या पदाची निकड उशिरा भासली. झोया अख्तर यांच्या ‘गली बॉय’मध्ये (२०१९) ती उघड झाली. धारावीतल्या रॅपरची कथा एका संगीतकाराच्या शैलीत बसणारी नव्हती. पर्यवेक्षक अंकुर तिवारी यांनी डिव्हाइन, नेझी यांच्यासह मुंबईतल्या खऱ्या रॅपरांचे आणि अनेक संगीतकारांचे काम एका चित्रपटात जुळवले. अल्बममध्ये अठरा गाणी आहेत. फिल्मफेअरचा संगीताचा पुरस्कार तिवारी आणि दिग्दर्शिका यांच्या नावे गेला, हे या कामाच्या ओळखीच्या दृष्टीने लक्षणीय.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’मध्ये (२०२०) तबलावादक अनीश प्रधान यांनी सांभाळलेली संगीतरचना हे याच कामाचे वेगळे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक अवघड, रूप. नायक शास्त्रीय गायक आहे, मेहनती आहे, पण मोठा नाही. त्याचे गाणे बेसूर असून भागत नाही आणि उत्तम असूनही भागत नाही. जाणकार श्रोत्याला मधली ती बोटभर उणीव ऐकू यावी, यासाठी बंदिशीपासून तानेपर्यंत सगळे तोलूनमापून निवडावे लागते.

अमेरिकेत या व्यावसायिकांची संघटना २०१० मध्ये स्थापन झाली. एमी पुरस्कारांत २०१७ पासून स्वतंत्र विभाग आहे आणि पहिला मान ‘बिग लिटल लाइज’साठी सुझन जेकब्ज यांना मिळाला. ऑस्करमध्ये असा विभाग नाही.

क्यू शीट. चित्रपट पूर्ण झाल्यावर प्रत्येक गाण्याचे नाव, गीतकार, संगीतकार, प्रकाशक, वापराचा प्रकार आणि सेकंद यांचा तक्ता करतात. प्रसारणातून मिळणाऱ्या मानधनाची वाटणी त्यावरून होते. भारतात १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, उलट करार नसेल तर, चित्रपटगीतांचे हक्क निर्मात्याकडे जात. जावेद अख्तर यांनी ज्याचा हिरिरीने पाठपुरावा केला त्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या मानधनाचा हक्क सोडून देता येत नाही; तसा करार केला तरी तो टिकत नाही. क्यू शीटवर गीतकाराचे नाव गळले, तर हा हक्क कायद्यात राहतो आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात.