रफकास्ट : भिंतीवर फेकलेला गिलावा

घराच्या बाहेरील भिंतींना करावयाच्या खडबडीत गिलाव्यांपैकी रफकास्ट हा एक जुना आणि कणखर प्रकार होय. सिमेंट, वाळू आणि बारीक खडी यांचे ओले मिश्रण थापीने न लिंपता भिंतीवर जोराने फेकावयाचे आणि ते जसे बसेल तसे राहू द्यावयाचे, ही त्याची पद्धत. त्यावर रंधा फिरवीत नाहीत, स्पंजही मारीत नाहीत. फेकलेल्या मालातील खडी अर्धवट वर राहते, पण प्रत्येक खड्यावर सिमेंटचा पातळ लेप असतो. त्यामुळे सगळी भिंत एकाच रंगाची, मात्र दाणेदार दिसते.

रफकास्टशी हमखास गल्लत होते ती पेबल डॅशची. पेबल डॅशमध्ये ओल्या गिलाव्यावर स्वच्छ धुतलेले कोरडे गोटे फेकतात आणि हलक्या हाताने दाबतात. तेथे गोट्यांचा मूळ रंगच भिंतीचा रंग ठरतो. महाराष्ट्रात सर्वाधिक रूढ असलेला सँडफेस हा यांचा सौम्य भाऊ. त्यात खडी नसते. वाळूचे दाणे तेवढे स्पंजाने उघडे केलेले असतात. अलीकडे बाजारात बादलीतून मिळणारे टेक्श्चर रंग दिसायला रफकास्टसारखे असले, तरी तो रंगाचा थर आहे, गिलावा नव्हे. घर रंगवून घेणाऱ्याने हा फरक ठेकेदाराशी बोलण्यापूर्वीच समजून घेतलेला बरा.

धुळे शहरात पांझरा नदीच्या उत्तर तीरावर वसलेल्या देवपुरासारख्या भागात हा विषय केवळ शोभेचा राहत नाही. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले आणि नदीच्या दक्षिणेस सरळ गल्ल्यांची नवी पेठ आखली. एकवीरा देवीच्या मंदिरामुळे परिचित असलेले देवपूर त्यानंतरच्या काळात, विशेषतः वाडीभोकर आणि नकाणे रस्त्यांच्या बाजूने, वसाहतींनी वाढत गेले. येथे स्वतंत्र, एकमजली-दुमजली घरे पुष्कळ आहेत. अशा घराच्या चारही भिंती उघड्या असतात आणि त्यांना काय करावयाचे, हे सोसायटी नव्हे, तर घरमालकच ठरवितो.

येथील हवा भिंतीची कसोटी पाहणारी आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, हिवाळ्यात पहाटे तो एक अंकी होतो. पाऊस सह्याद्रीच्या आडोशामुळे कोकणाच्या मानाने फारच थोडा, पण येतो तेव्हा वाऱ्यासह, सपाट्याने येतो. त्यामुळे भिंत रोज तापते, निवते, प्रसरण पावते आणि आकसते. गुळगुळीत सिमेंटच्या गिलाव्यावर या ओढाताणीचे बारीक तडे जाळ्यासारखे स्पष्ट दिसतात. पाण्याचा सपाट पडदा त्यांवरून उतरताना त्यातील काही आत शिरते. रफकास्टच्या उंचसखल पृष्ठावर हा पडदा मोडतो, पाणी खड्यांवरून टिपटिप उतरते, आणि पृष्ठभाग जास्त असल्याने भिंत लवकर वाळते. आकुंचनाचे तडेही एका रेषेत न जाता दाण्यांभोवती विखुरतात. भिंतीचा बाक आणि गवंड्याच्या हाताचे उणेपण झाकले जाते, हा न सांगितलेला फायदा.

पद्धत वरवर सोपी दिसते, म्हणूनच बिघडते. प्रथम विटांच्या दर्जा सुमारे १० ते १२ मिलिमीटर खोल खरवडून, भिंत धुऊन, ओली करून घेतात. काँक्रीटचे खांब आणि तुळया गुळगुळीत असतील, तर त्यांना टाचे मारावे लागतात. खांब आणि वीटकाम जेथे भेटते, तेथे चिकन मेशची पट्टी ठोकली नाही, तर त्याच रेषेत उभा तडा येतो. पहिला थर सुमारे १२ मिलिमीटरचा, एकास चार प्रमाणाच्या सिमेंट-वाळूचा असतो. तो ओला असतानाच त्यावर रेघा ओढतात, म्हणजे पुढचा थर धरतो. त्याला पाणी मारून आठवडाभर पक्का केल्यावर दुसरा, सुमारे १० मिलिमीटरचा, एकास तीन प्रमाणाचा थर येतो. त्यात सिमेंटच्या आकारमानाच्या दहा टक्के विझवलेला, बारीक चुना मिसळावा असे सरकारी बांधकामाच्या विनिर्देशांत सांगितले आहे. चुन्याने माल चिकट होतो आणि कमी आकसतो. बहुतेक ठिकाणी चुना वगळला जातो, आणि तेथेच कामाचे आयुष्य घटते.

हा दुसरा थर मऊ असतानाच त्यावर ६ ते १० मिलिमीटर आकाराची खडी मिसळलेला माल फेकावयाचा असतो. थर घट्ट झाल्यावर फेकलेली खडी नुसती चिकटल्यासारखी दिसते आणि पहिल्या दोन पावसांत गळू लागते. फेक मनगटाची असावी, अंतर आणि जोर सारखा असावा. एका भिंतीचे काम दुपारी थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे नेले, तर जोडाची रेषा कायमची दिसते. यासाठी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक भिंत एकाच दिवशी पुरी करतात आणि परांचीवर एकाच हाताचे गवंडी ठेवतात. हाताने फिरवावयाच्या यंत्राचा फवाराही मिळतो, पण त्यातून उडणारा माल बारीक असतो. खरा खडीदार रफकास्ट हातानेच होतो.

खानदेशात खडीची वानवा नाही. धुळ्याच्या परिसरातील जमीन काळ्या पाषाणाची, आणि या पाषाणाला छेदून गेलेल्या उभ्या अग्निज भित्ती भूवैज्ञानिकांना चांगल्या परिचित आहेत. या खडकाची खडी टणक, टोकदार आणि मालाला धरणारी असते. तिच्यातील भुकटी मात्र धुऊन काढावी लागते, नाहीतर खडी आणि सिमेंट यांच्यामध्ये धुळीचा थर राहतो. वाळूचा प्रश्न अधिक बिकट आहे. नदीपात्रातील उपशावर निर्बंध आल्यापासून दगड भरडून केलेली वाळू वाढत्या प्रमाणात वापरली जाते, आणि २०२५ मध्ये राज्य शासनाने तिच्यासाठी स्वतंत्र धोरणही आणले. रफकास्टला ही वाळू चालते. भुकटीचे प्रमाण अधिक असेल, तर मात्र तडे वाढतात.

हंगामाला येथे फार महत्त्व आहे. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचे दिवस उत्तम. उन्हाळ्यात काम करणे भागच असेल, तर सावलीच्या मागे जावे लागते : पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. तरीही गोणपाट टांगून दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारले नाही, तर सिमेंट पकडण्यापूर्वीच वाळून जाते. उन्हाळ्यातील पाणीटंचाईत पाणी मारण्यातच काटकसर होते, आणि तिची किंमत काही वर्षांनी पोपड्यांच्या रूपाने मोजावी लागते.

सर्वांत मोठा धोका मात्र नव्या घरांना नसून जुन्यांना आहे. खानदेशातील धाब्याची घरे मातीच्या मालात बांधलेली, पांढऱ्या मातीने सारवलेली असत. अशी भिंत जमिनीतली ओल वर खेचते, पण ती बाहेरही सोडते. तिच्यावर मजबुतीच्या भावनेने सिमेंटचा रफकास्ट केला, तर ओल आत कोंडते. मग ती खोलीच्या बाजूला फुटते, लोणा लागतो, मातीचा सांधा मऊ होतो, आणि वरचे कवच कणखर दिसत असतानाच आतील भिंत खचत जाते. गाभ्यापेक्षा वरचा थर कडक असू नये, हा गिलाव्याचा पहिला नियम येथे मोडला जातो.

याचा जगप्रसिद्ध दाखला स्कॉटलंडमध्ये आहे. तेथे चुन्याचा फेकीव गिलावा शतकानुशतके दगडी घरांवर चालत आला. वास्तुकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांनी हेलेन्सबर्ग येथील हिल हाउस हे घर १९०२ ते १९०४ या काळात बांधताना त्याऐवजी त्या वेळी नवीन असलेला पोर्टलंड सिमेंटचा रफकास्ट वापरला. त्यात सूक्ष्म तडे गेले, पाणी आत शिरले, पण बाहेर पडू शकले नाही. शंभर वर्षांनंतर भिंती इतक्या भिजल्या, की स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टने २०१९ मध्ये संपूर्ण घरावर पोलादी सांगाड्याची, जाळीच्या भिंतींची प्रचंड पेटी उभारली. घर आत वाळावे, एवढ्यासाठी. तेथला पाऊस धुळ्याहून कितीतरी अधिक, हे खरे, पण कोंडलेल्या ओलीचा न्याय दोन्हीकडे तोच. मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यावा.

पक्क्या विटांच्या घरांतही रफकास्टला स्वतःच्या काही उणिवा आहेत. खानदेशातील कोरड्या वाऱ्यांची धूळ खाचांमध्ये बसते आणि सहज धुऊन निघत नाही. रंग सपाट भिंतीपेक्षा बराच जास्त लागतो. (अंगणात खेळणाऱ्या मुलांचे कोपर सोलले जातात, ही तक्रार वेगळीच. हात पोहोचेल तेवढी उंची सँडफेस ठेवणारे घरमालक शहाणे.) आणि दुरुस्तीचे ठिगळ लपत नाही. हात बदलला, खडी बदलली, की डाग उठून दिसतो. त्यामुळे तुकड्या-तुकड्याने दुरुस्ती करण्यापेक्षा निदान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची भिंत एकदम करणे योग्य.

जुना रफकास्ट तपासण्यासाठी हातोडीच्या दांड्याने भिंतीवर हलके ठोकावे. भरीव आवाज आला, तर थर धरून आहे. बद्द, पोकळ आवाज आला, तर तो सुटलेला आहे, आणि दुमजली घराच्या छज्जाखालून असा तुकडा पडणे जिवावर बेतू शकते. तो भाग काढूनच टाकावा, वरून सिमेंट चोपडू नये. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा जाणारा, वाढत राहणारा तडा मात्र गिलाव्याचा नसतो. काळ्या चिकणमातीवर उभ्या असलेल्या घरांत तो पायाच्या हालचालीचा असू शकतो. खडबडीत थराने तो दोन-चार वर्षे झाकला जातो, एवढेच. अशा वेळी गवंड्याऐवजी अभियंत्याला बोलवावे लागते. कठड्याच्या माथ्याला आतील बाजूस उतार देणे आणि छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच पाडणे, ही कामे गिलाव्याआधीच उरकून घ्यावीत. ती राहिली, तर कठड्यावरचे पाणी गिलाव्याच्या पाठीमागून उतरते.